गच्चीवरून दिसणारे शिकारी पक्षी आणि समोरच्या लिंबावरचं शिक्र्याचं घरटं

सातारा_गच्ची
९ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी छत्रपती संभाजीनगरला, बीड बायपासच्या दक्षिणेला सातारा-देवळाई भागात राहतो. आम्ही घर बांधलं तेव्हा गच्चीवरून ज्वारीची रानं दिसायची. आता सगळं प्लॉटिंग झालंय. तरी चार घरं सोडली की एक रिकामा प्लॉट येतो. त्यात सुबाभूळ, रुई, वेडी बाभूळ आणि कुणीतरी टाकून दिलेला बांधकामाचा राडारोडा. मागे साताऱ्याचा डोंगर. आलेल्या पाहुण्यांना हे ओसाड वाटतं. मी तीन वर्षं वही ठेवतोय, आणि वहीतली बहुतेक पानं याच ओसाड प्लॉटांनी भरली आहेत. राडारोड्यात उंदीर, रुईवर सरडे, तारांवर होले आणि वेडे राघू. ज्याला शिकार करून पोट भरायचं त्याला आणखी काय लागतं?

घार रोजचीच. कापशी घार सकाळी सातच्या सुमाराला प्लॉटवर येते, हवेत एका जागी पंख मारत थांबते, मग पंख वर धरून टप्प्याटप्प्यानं खाली उतरते. हिवाळ्यात मोबाईलच्या टॉवरवर खरुची, म्हणजे छोटा ससाणा, बसते. ऑक्टोबरअखेर येते, मार्चमध्ये जाते. नोव्हेंबरात डोंगराच्या पायथ्याच्या माळावर भोवत्या (हॅरियर) जमिनीलगत तरंगत जाताना दोनदा दिसला. रात्रीचे पिंगळे आमच्या गल्लीचेच, आणि अर्धवट राहिलेल्या एका बांधकामात गव्हाणी घुबडाची जोडी आहे.

आता मुद्द्याचं. गुरुवारी आई गच्चीवर खारोड्या घालत होती. मला हाक मारून म्हणाली, "बघ रे, ससाणा काड्या मोडायलाय." समोरच्या लिंबावर शिक्रा वाळकी काडी मोडून घेत होता. ती पायांत धरून तो आत, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात घेऊन गेला. मागून दुसरा आला, थोडा मोठा. तेव्हापासून दोघं रोज सकाळी हेच करतायत. जमिनीपासून साधारण सात-आठ मीटरवर कावळ्याच्या घरट्यासारखा विस्कटलेला ढीग दिसतो. आमच्या कठड्यापासून अंतर वीसेक मीटर.

माझ्याकडे ७०-३०० मिमीची झूम लेन्स आहे. फोटो काढायची फार इच्छा आहे, पण माझ्यामुळे त्यांनी घरटं सोडलं तर मला ते सहन होणार नाही. जाणकारांनी सांगावं, काय करू?

पूर्णाकाठ
१० मार्च, सकाळी ६:१५

अभिनंदन. सर्वांत आधी आईंना नमस्कार सांगा. नजर त्यांची आहे.

मोठी आहे ती मादी. शिकारी पक्ष्यांत बहुधा मादीच आकारानं मोठी असते. नराचे डोळे लालभडक, पाठ निळसर राखाडी. मादीचे डोळे पिवळे-नारिंगी, पाठीवर तपकिरी झाक. छातीवर दोघांच्याही विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा आणि गळ्याच्या मधोमध एक उभी पुसट करडी रेघ. दुर्बिणीतून गळ्याची रेघ दिसली का, ते कळवा.

फोटोबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घरटं बांधून होईपर्यंत आणि मादी अंड्यांवर नीट बसेपर्यंत कॅमेरा गच्चीवर आणूच नका. याच दिवसांत पक्षी घरटं सोडून देण्याची भीती सगळ्यात जास्त असते. अजून त्यांचं त्या जागेत फारसं काही अडकलेलं नसतं, जराशी शंका आली तरी दुसरीकडे जातात. अंडी घातल्यावर, त्याहून पिल्लं झाल्यावर, ते सहसा सोडत नाहीत. म्हणून तेव्हा त्रास दिला तर चालतो असा अर्थ कुणी काढू नये.

आणखी एक. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्याची अंडी किंवा घरटं विचलित करणंही येतं. बंदूकच लागते असं नाही.

सातारा_गच्ची
१० मार्च, रात्री ८:०५

गळ्याची रेघ दिसली. खूप आनंद झाला. कॅमेरा कपाटात ठेवलाय. आई मात्र रोज वाळवणाला गच्चीवर जाते. तिला बंद करू का?

पूर्णाकाठ
१० मार्च, रात्री ८:३०

अजिबात नको. त्यांनी जागा निवडली तेव्हा तुमच्या आई तिथं होत्याच. रोजची माणसं, रोजची हालचाल त्यांनी हिशेबात धरलेली असते. नवं काही घडलं की त्यांचं बिनसतं. आईंना त्यांची खारोडी-कुरडई चालू ठेवू द्या, फक्त मान वर करून एकटक बघत उभं राहू नये म्हणावं.

दुधना
१२ मार्च, दुपारी १:२०

मी जालन्याहून. धागा वाचून आमच्या कॉलनीतल्या बागेत गेलो आणि पहिल्याच दिवशी शिक्रा मिळाला. फोटो टाकलाय. राखाडी पाठ, पोटावर रेघा, शेपटीवर पट्टे. साळुंक्या त्याच्यावर ओरडत होत्या. बरोबर आहे ना?

पूर्णाकाठ
१२ मार्च, दुपारी ४:४५

हा पावशा आहे. वाईट वाटून घेऊ नका. सारखेपणा इतका आहे की लहान पक्षीही फसतात आणि त्याच्यावर तुटून पडतात. चोच बघा: शिक्र्याची आखूड आणि खाली वळलेली आकडी असते, तुमच्या फोटोत ती सरळ आहे. डोळ्याभोवती पिवळं कडं आहे. पायही बघा, बोटं बारीक आहेत. त्यांनी सरडा धरता येणार नाही. बसल्यावर त्यानं शेपटी दोन्ही बाजूंना हलवली का?

दुधना
१२ मार्च, सायंकाळी ६:१०

हो, हलवली! म्हणजे हाच तो 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' ओरडणारा? लहानपणापासून आवाज ऐकतोय, पक्षी आज पहिल्यांदा पाहिला. मग मला फायदाच झाला.

भिंगवाला
१४ मार्च, रात्री ११:००

मी नांदेडहून. दहा वर्षं पक्ष्यांचे फोटो काढतोय. सातारा_गच्ची, ७०-३०० वर वीस मीटरवरचा शिक्रा फ्रेममध्ये लहान येईल, पण क्रॉप करून चांगला फोटो मिळतो. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/२५०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. शिक्रा घारीसारखा निवांत तरंगत नाही. चार-पाच वेळा भराभर पंख मारतो, मग जरा सरकतो, आणि झाडाच्या आत शिरतो तेव्हा तर डोळ्यालाही पुरत नाही. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटोवर, वरची मर्यादा ३२०० ठेवा. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर, मधला एकच बिंदू. मागे उजळ आकाश असलं की पक्षी काळा पडतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा. कापशी पांढरी असते. तिच्यामागे काळा डोंगर आला तर उलट करा, कमी करा, नाहीतर पिसांतलं सगळं बारीक काम पांढरं होऊन उडून जाईल.

माझ्याकडे १५०-६०० आहे. पुढच्या रविवारी मी आणि तीन मित्र यायचं म्हणतोय. गच्चीचं लोकेशन टाकाल का? मोबाईलवर शिक्र्याचा आवाज लावला की नर मोकळ्या फांदीवर येऊन बसतो, पाच मिनिटांत काम होतं.

मांजराकाठ
१५ मार्च, सकाळी ७:३०

भिंगवाला दादा, कॅमेऱ्याची माहिती उपयोगाची आहे, मी लिहून घेतली. पण आवाज लावू नका. त्याला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत घुसलाय. काड्या गोळा करायच्या, मादीला खाऊ घालायचं, ते सोडून तो नसलेल्या शत्रूला शोधत बसतो. विणीच्या दिवसांत हे त्याला फार महाग पडतं.

सातारा_गच्ची
१५ मार्च, सकाळी ९:५०

भिंगवाला, मनापासून सांगतो, राग मानू नका. लोकेशन देणार नाही. मागच्या वर्षी मी गव्हाणी घुबडाच्या जोडीचा फोटो एका व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि कौतुकाच्या भरात इमारत कोणती तेही लिहिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथं अकरा माणसं होती. टॉर्च, फ्लॅश, एकजण तर जिन्यानं वर चढला होता. घुबडं त्या रात्री गेली ती दोन महिने दिसली नाहीत. मागे काय राहिलं असेल या विचारानं मी आत जाऊन पाहायचं धाडसही केलं नाही. ती चूक माझी होती. पुन्हा करणार नाही.

पिल्लं उडून गेल्यावर तुम्ही जरूर या, चहा आमच्याकडे.

पूर्णाकाठ
१५ मार्च, सकाळी १०:३०

योग्य निर्णय. नोंदी ऑनलाइन टाकणाऱ्यांनीही घरट्याची नोंद हंगाम संपल्यावर टाकावी. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ठिकाण झाकण्याची सोय आहे, ती वापरावी. फोटोच्या फाइलमध्येही मोबाईल जागा लिहून ठेवतो, फोटो पाठवताना ते काढून टाका. आणि ड्रोन तर कुणी मनातही आणू नये. शिकारी पक्ष्याला तो दुसरा शिकारी पक्षीच वाटतो.

भिंगवाला
१५ मार्च, रात्री १०:१५

मान्य. आवाजाची सवय मला ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडून लागली, त्यावर कधी थांबून विचार केला नव्हता. आता थांबवतो. मे-जूनमध्ये येईन.

काळीभुई
१८ मार्च, दुपारी २:००

मी अंबाजोगाईकडचा शेतकरी. तुम्ही शहरात ज्याला कापशी म्हणता ती आमच्या रानात बारमाही राहती. हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे लावतो आम्ही, इंग्रजी टीसारखी काठी. कृषी विभागाची माणसं सांगतात की कोतवाल अन् साळुंक्या त्यावर बसून अळ्या खातात. खरंय ते. पण पहाटं पाणी द्यायला गेलं की त्याच काठीवर कापशी बसायलेली दिसती, अन् रात्री बॅटरी मारली तर घुबड. खाली उंदराची शेपटी, केस. एका काठीवर दोन पाळ्या चालायल्यात.

पण एक विचारतो. शिक्रा कोंबडीची पिल्लं नेतो का नाही? आमच्या मळ्यावरची सात नेली. बायको म्हणती गोफण घ्या. मी घेतली नाही, पण तिचं नुसकान झालंय हे बी खरंय.

पूर्णाकाठ
१८ मार्च, सायंकाळी ५:२०

नेतो. खोटं बोलून पक्ष्याची बाजू घ्यायची नाही. सरडे, उंदीर, खारी, मोठे किडे, लहान पक्षी हे त्याचं रोजचं, पण उघड्यावर फिरणारं कोंबडीचं पिल्लू त्याला यापेक्षा सोपं. वहिनींचं म्हणणं रास्त आहे. उपाय एवढाच: पिल्लं सहा-सात आठवड्यांची होईपर्यंत वरून झाकलेल्या जागेत ठेवा. भाजीच्या रोपवाटिकेचं जुनं शेडनेट असेल तर तेच चार खुंट्यांवर ताणा. फाटकं असलं तरी चालतं. शिक्र्याला सरळ सूर मारायला मोकळी वाट लागते, ती अडली की तो दुसरीकडे बघतो.

काळीभुई
२६ मार्च, रात्री ८:४०

शेडनेट टाकलं. आठ दिवसांत एक बी गेलं नाही. शिक्रा येतो, बाभळीवर बसतो, बघतो, जातो. बायकोनंच सांगितलं, "ऱ्हाऊ द्या त्याला, उंदरं बी तोच धरायलाय."

मांजराकाठ
२८ मार्च, सकाळी ८:००

घुबडांचा विषय निघालाच आहे तर आमच्या शाळेतलं सांगते. मी लातूर जिल्ह्यात शिक्षिका आहे. शाळेच्या जुन्या खोलीच्या माळ्यावर गव्हाणी घुबड राहायचं. गावात त्याची भीती. कुणी म्हणायचं ओरडलं की माणूस जातं, कुणी म्हणायचं दगड मारू नका, दगड झेलतं आणि पाण्यात झिजवतं, तसं माणूस झिजतं. पोरं त्या खोलीपुढून पळत जायची.

एक दिवस माळ्याखाली पडलेले काळपट गोळे मी कागदावर घेऊन वर्गात आणले. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस-हाडं गोळा करून तोंडावाटे टाकतं, तेच हे गोळे. पोरांनी दाभणानं ते सोडवले. एका गोळ्यात तीन उंदरांच्या कवट्या निघाल्या, पिवळे लांब दात तसेच्या तसे. सहावीतल्या एका मुलीनं माळ्याखालचे गोळे मोजून हिशेब केला आणि घरी जाऊन वडिलांना सांगितला. त्या घराला सोयाबीनच्या पोत्यांना उंदीर लागण्याचा त्रास होता. वडील दुसऱ्या दिवशी स्वतः घुबड बघायला आले.

पण इथंच एक दुःखही आहे. गावात उंदीर मारायच्या वड्या सर्रास टाकतात. रक्त न गोठू देणाऱ्या औषधाची वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त फिरतो. असा उंदीर घुबडाला सहज सापडतो आणि विष घुबडात जातं. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्हाला माळ्यावर एक घुबड मेलेलं मिळालं. अंगावर जखम नव्हती. विषानंच गेलं हे मी सिद्ध करू शकत नाही, पण आता शाळेच्या धान्याच्या खोलीत आम्ही पिंजरे लावतो, वड्या नाही.

आणि दिवाळीच्या आसपास कुणी घुबड विकायला आणलं, पूजेसाठी मागितलं, तर कृपा करून वनविभागाला कळवा. टोल फ्री १९२६.

सातारा_गच्ची
३० मार्च, रात्री ९:१५

मांजराकाठ ताई, दाभणानं गोळा सोडवणारी पोरं डोळ्यांपुढे आली. फार मोठं काम केलंत.

आमच्याकडची खबर: २४ मार्चपासून मादी घरट्यातून उठत नाही. शेपटीचं टोक तेवढं कडेबाहेर दिसतं. नर सकाळी साडेसहाच्या सुमाराला सरडा किंवा खार घेऊन शेजारच्या गुलमोहरावर येतो आणि 'टिटी, टिटी' अशी हाक देतो. मादी उडून तिथं जाते, घेते, खाते. गंमत अशी की आमच्या गल्लीतला कोतवाल हुबेहूब तीच हाक काढतो. पहिले दोन दिवस मी त्याच्याच हाकेवर धावत गच्चीवर जात होतो. आईला मात्र फरक कळतो. ती म्हणते कोतवालाची हाक शेवटाला वर जाते.

वन्यजीव कायदा, वही, दुर्बीण सगळं ठीक, पण रोजचं निरीक्षण खरं आईचं आहे. दिनदर्शिकेवर ती पेन्सिलीनं लिहिते: 'सरडा', 'खार', 'सरडा', 'चिमणी का काय'.

कॅमेरा आज पहिल्यांदा काढला. आठवडाभर आधीपासून कपडे वाळत घालायच्या दोरीवर एक जुनी चादर लावून ठेवली होती, तिच्या फटीतून लेन्स. वीस मिनिटांत उठलो. मादीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. तो फोटो टाकतोय. घरटं दिसू नये म्हणून जवळून कापलाय.

भिंगवाला
३० मार्च, रात्री १०:४०

डोळ्यावर नेमका फोकस आहे. छान.

सातारा_गच्ची
१९ एप्रिल, रात्री ८:५०

एक अडचण. आठ-साडेआठनंतर काढलेला प्रत्येक फोटो मऊ, म्हणजे धूसर येतोय. लेन्स बिघडली का? ट्रायपॉड आहे, शटर १/२००० आहे.

(पिल्लं झाली असावीत. १५ तारखेपासून मादी नरानं आणलेली शिकार आपण न खाता घरट्यात नेते आणि मान खाली घालून हळूहळू काही करते. अंडी किती, पिल्लं किती, आम्ही डोकावून पाहिलेलं नाही.)

भिंगवाला
१९ एप्रिल, रात्री ९:३०

लेन्स ठीक आहे, ऊन वाईट आहे. स्लॅब तापला की त्यावरची हवा उकळल्यासारखी हलते आणि लेन्स त्या हवेतून बघते. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये याला कुठलाही महागडा कॅमेरा पुरून उरत नाही. मी ६०० ची लेन्स घेतली तेव्हा पहिला उन्हाळा हाच समज होता की मला खराब माल मिळाला. मधे पत्र्याचं छप्पर असेल तर आणखी वाईट. सूर्य उगवल्यापासून पहिला सव्वा तास, एवढंच तुमचं. स्लॅबवर आदल्या संध्याकाळी पाणी मारलं तर थोडा फरक पडतो, पण टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्या कॉलनीत ते करू नका. अवकाळी पाऊस पडून गेला की दुसऱ्या सकाळी हवा काचेसारखी असते, त्या दिवशी सुट्टी टाका.

सातारा_गच्ची
२९ एप्रिल, रात्री ११:२०

आजचा दिवस लिहून ठेवतो, हात अजून शांत नाहीत.

सकाळी दहाला पावसाळ्यापूर्वीची फांदेतोड करायला माणसं आली. विजेच्या तारा लिंबाच्या पूर्वेच्या फांद्यांना लागतात, दरवर्षी तोडतात. मी कामावर होतो. आईचा फोन आला, "कोयता घेऊन चढायलेत." मी निघालो, पण पोचायला चाळीस मिनिटं लागणार होती. तोवर आई झाडाखाली जाऊन उभी राहिली. सत्तरीची बाई, ऊन रणरणतं. तिनं भांडण केलं नाही. शिडीवरच्या मुलाला म्हणाली, "बाबा, वर लेकरं आहेत. बाईनं पंख पसरून सावली धरलीय बघ."

तो मुलगा खरंच वर बघत राहिला. मादी घरट्याच्या काठावर अर्धे पंख उघडून उन्हाकडे पाठ करून उभी होती, खाली दोन पांढरी डोकी. मग तो उतरला आणि मुकादमाला बोलावून आणलं. मी पोचलो तेव्हा आई त्यांना ताक देत होती. मी कायद्याचं बोललो: घरट्याचं, आणि शहरातली झाडं तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते ते. मुकादम म्हणाले, तारेला लागणाऱ्या फांद्या काढणं आम्हाला भागच आहे, वादळात तार तुटली तर माणूस मरेल. तेही खरं. शेवटी असं ठरलं की तारेला टेकलेल्या तीन बारीक फांद्या तेवढ्या काढायच्या, कोयत्याऐवजी करवतीनं, आणि बाकीचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यात. पंचवीस मिनिटांत झालं. मादी उडून गुलमोहरावर गेली होती, माणसं निघाल्यावर सात मिनिटांनी परत आली. ती सात मिनिटं आई पायरीवर बसून होती, कुणाशी बोलली नाही.

पूर्णाकाठ
३० एप्रिल, सकाळी ५:५०

वाचून डोळे भरून आले. मुकादमांचेही आभार माना, ते नियमावर बोट ठेवून सगळं झाड बोडकं करू शकले असते.

काळीभुई
३० एप्रिल, सकाळी ७:१०

आईच्या पाया पडलो म्हणून सांगा.

दुधना
१८ मे, रात्री ९:००

सातारा_गच्ची, बरेच दिवस काही नाही. पिल्लं कशी आहेत?

सातारा_गच्ची
१९ मे, रात्री १०:००

उशिराबद्दल माफी. १४ मेपासून दोन्ही पिल्लं घरट्याबाहेर फांद्यांवर चालायला लागली. तपकिरी पाठ, छातीवर आडव्या रेघांऐवजी थेंबांसारखे उभे ठिपके, डोळे पिवळे. १६ ला सकाळी एक पिल्लू खाली रस्त्यावर पडलं. शेजारच्या मुलांनी टोपलीत घालून आमच्याकडे आणलं, पाणीही पाजणार होते. त्यांना थांबवलं, कारण चोचीत पाणी ओतलं की ते श्वासनळीत जाऊ शकतं. मी १९२६ ला फोन लावला. अंगावर जखम नाही, दोन्ही पंख सारखे धरतंय, पाय घट्ट पकडतायत हे त्यांनी विचारून घेतलं आणि सांगितलं की आईबाप जवळ असतील तर त्याच झाडाच्या एखाद्या फांदीवर ठेवा आणि दूर व्हा. टॉवेलात धरून शिडीनं खालच्या फांदीवर ठेवलं. त्यानं माझ्या अंगठ्यात नखं रुतवली होती, ती टॉवेलातूनही लागली. तासाभरात नर सरडा घेऊन त्याच्याजवळ आला.

तेव्हा माझ्या हातात कॅमेरा नव्हता. शेजारची मुलं आमच्या जिन्यात ओळीनं बसून बघत होती, एकानंही आवाज केला नाही. त्यातल्याच एकाकडे मागच्या संक्रांतीला मी नायलॉन मांजाचं रीळ पाहिलं होतं. त्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, तरी मिळतो. जानेवारीत आमच्या टॉवरच्या तारेला त्याच मांजात अडकून एक घार दीड दिवस लटकत होती. काल तो मुलगा स्वतः येऊन म्हणाला, काका, ते रीळ कुठं टाकू? कचऱ्यात टाकलं तर पुन्हा कुठल्या पायात अडकेल, म्हणून आम्ही ते गच्चीत कात्रीनं बोटभर तुकडे करून डब्यात भरलं. दोन तास लागले.

भिंगवाला
२० मे, रात्री ९:२५

मी येतोय. एकटाच. ६०० ची लेन्स तुम्ही वापरून बघा.

सातारा_गच्ची
७ जून, रात्री ९:३०

भिंगवाला आले होते, दोन सकाळी राहिले. पहिल्या पावसानंतरची हवा मिळाली. मोठं पिल्लू रिकाम्या प्लॉटवर चतुर पकडायला शिकतंय. सहा वेळा चुकलं, सातव्यांदा धरला आणि तिथंच जमिनीवर बसून खाल्ला. १/३२००, एफ ६.३, आयएसओ १२५०. फोटो खाली आहे, तो त्यांनी काढलाय. माझा सहाव्या चुकीचा आहे, पंख पूर्ण उघडलेले आणि चतुर फ्रेमच्या कडेला निसटताना. आईला तोच आवडला, मोठा करून स्वयंपाकघरात लावलाय.

लहान पिल्लू चार दिवसांपासून दिसलेलं नाही. गुलमोहराखाली, प्लॉटवर, नाल्यापर्यंत शोधलं. पिसं नाहीत, काही नाही. डोंगराकडे गेलं असेल तर चांगलं. वहीत त्याच्या नावापुढे मी जागा मोकळी ठेवली आहे.

आणि आज दुपारी ते फांदेतोडीवाले आले. ठरल्याप्रमाणे उरलेलं काम केलं, घरट्याची फांदी ठेवली. शिडीवर चढलेला तोच मुलगा निघताना माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, आमच्या दुसऱ्या लाइनवर एका बाभळीत कापशी बसलीय, अंड्यावर. तिथलं झाड मी शेवटी ठेवलंय." कुठं ते त्यानं मला सांगितलं. इथं लिहीत नाही.